डायइलेक्ट्रिक घातल्यावर ऊर्जा वाढते की घटते, आणि मोजलेला ‘के’ कमी का येतो?

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहावा म्हणून ते आधी माझ्या शब्दांत मांडतो. पहिला: समांतर पट्ट्यांच्या कपॅसिटरमध्ये डायइलेक्ट्रिक (म्हणजे काचेसारखा विद्युतरोधक पदार्थ) सरकवला की साठलेली ऊर्जा एका पुस्तकात ‘के’ पटीने कमी होते आणि दुसऱ्यात ‘के’ पटीने वाढते, मग खरं काय? दुसरा: तुम्ही १० सेंमी × १० सेंमीच्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या २.५ मिमी अंतरावर बसवून एलसीआर मीटरने (कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरने) मोजलं तेव्हा ४५ पिकोफॅरड आले आणि मध्ये २ मिमी जाडीची खिडकीची काच घातल्यावर १२३ आले. काचेचा के ७ च्या आसपास असताना कपॅसिटन्स फक्त पावणेतीन पट कसा वाढला? तिसरा: पाण्याचा के ८० आहे, तर पाणी भरलेले कपॅसिटर का दिसत नाहीत?

वरवर हे तीन वेगळे प्रश्न वाटतात, पण गोंधळ एकाच ठिकाणी झालाय. ‘के’ म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक, आणि तो दिसला की आपण गुणाकार करून मोकळे होतो. तो गुणाकार बरोबर ठरायला काही अटी लागतात. प्रभार स्थिर आहे की व्होल्टेज, हे ठरलेलं हवं. विद्युतक्षेत्र जिथे जिथे आहे तिथे सगळीकडे तो पदार्थ भरलेला हवा. आणि आपण किती वेळाची गोष्ट बोलतोय, हेही माहीत हवं. विद्युतरोधक पदार्थ तपासण्याच्या माझ्या कामात ‘आकडा जुळत नाही’ अशी तक्रार आली की मी याच तीन गोष्टी आधी विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर त्यातच निघतं.

आधी डायइलेक्ट्रिक नेमकं काय करतो ते बघू. काच, मेण, प्लॅस्टिक यांत धातूसारखे मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन नसतात. क्षेत्र लावलं की अणूंमधला ऋण प्रभार किंचित एका बाजूला सरकतो, आयन थोडे हलतात, आणि पाण्यासारख्या पदार्थात मुळातच द्विध्रुवी असलेले रेणू क्षेत्राच्या दिशेने वळू बघतात. पदार्थाच्या आतल्या भागात ही सरकासरक एकमेकांना भरून काढते. उरतो तो दोन पृष्ठभागांवरचा प्रभार: धन पट्टीसमोर ऋण, ऋण पट्टीसमोर धन. याला बद्ध प्रभार म्हणतात. तो पदार्थाला चिकटलेला असतो, तारेतून वाहून जात नाही. पट्टीवरच्या मोकळ्या प्रभाराचा काही भाग तो झाकून टाकतो. के ४ असेल तर तीन चतुर्थांश प्रभार झाकला जातो आणि क्षेत्राला उरलेला एक चतुर्थांशच दिसतो. तेवढ्याच क्षेत्रासाठी पट्टीवर चौपट प्रभार मावतो असंही म्हणता येईल. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि पहिल्या प्रश्नातला गोंधळ नेमका याच दोन वाक्यांमधून येतो.

आता आकडे घेऊ. पट्ट्या तुमच्याच, पण हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून अंतर १ मिमी धरतो, आणि ती फट पूर्ण भरणारा, के ४ असलेला रोधक पदार्थाचा पत्रा धरतो. निर्वात जागेची विद्युत पारगम्यता (परमिटिव्हिटी) ८.८५ पिकोफॅरड प्रति मीटर. तिला क्षेत्रफळाने गुणून अंतराने भागलं की हवेत ८८.५ पिकोफॅरड येतात. हवेचा के १.०००६ च्या आसपास असतो, म्हणून तिला निर्वात समजायला हरकत नाही. १०० व्होल्टला चार्ज केलं तर प्रभार ८.८५ नॅनोकुलोम आणि ऊर्जा ०.४४ मायक्रोज्यूल.

आता बॅटरी काढून घ्या आणि मग पत्रा सरकवा. प्रभाराला जायला वाट नाही, तो ८.८५ नॅनोकुलोमच राहणार. कपॅसिटन्स ३५४ पिकोफॅरड झाला, म्हणून व्होल्टेज २५ वर उतरलं, क्षेत्रही चौथाई झालं, आणि ऊर्जा ०.११ मायक्रोज्यूल उरली. तुमचं पहिलं पुस्तक हे सांगतंय.

बॅटरी तशीच जोडलेली ठेवून पत्रा सरकवला तर व्होल्टेज १०० च राहणार, कारण ते धरून ठेवणं हेच बॅटरीचं काम. इथे क्षेत्र बदलत नाही. ‘डायइलेक्ट्रिकमुळे क्षेत्र कमी होतं’ हे वाक्य आपण पाठ केलेलं असतं, पण ते फक्त पहिल्या स्थितीत खरं आहे. बद्ध प्रभाराने जेवढं झाकलं तेवढं भरून काढायला बॅटरी आणखी प्रभार पाठवते. तो आता ३५.४ नॅनोकुलोम होतो आणि ऊर्जा १.७७ मायक्रोज्यूल, म्हणजे चौपट. दुसरं पुस्तक हे सांगतंय. दोघांपैकी कोणी चुकलेलं नाही. फक्त अट पानाच्या वरच्या कोपऱ्यात एका ओळीत लिहिलेली असते आणि सूत्र मोठ्या चौकटीत, म्हणून लक्षात सूत्र राहतं.

यानंतर विचारायला हवा असा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण खरी मजा तिथे आहे: पहिल्या स्थितीत ०.३३ मायक्रोज्यूल गेले कुठे? पत्रा आत ओढला गेला, त्यात. पट्ट्यांच्या कडेला क्षेत्र सरळ राहत नाही, बाहेर फुगतं. हे फुगलेलं क्षेत्र पत्र्याच्या पुढच्या भागाला आत खेचतं. तुम्ही हाताने सावकाश सरकवत असाल तर प्रत्यक्षात तुमचा हात त्याला ढकलत नसतो, मागे धरून ठेवत असतो, आणि ती ऊर्जा हातात जाते. सोडून दिला तर पत्रा आत झेपावेल, पलीकडे जाईल, परत येईल, आणि घर्षणाने थांबेपर्यंत सगळी ऊर्जा उष्णतेत जाईल.

बॅटरी जोडलेली असतानाही ओढ आतच असते. अनेक जण इथे अडखळतात: साठलेली ऊर्जा तर वाढतेय, मग पत्रा बाहेर ढकलला जायला हवा ना? हिशेबात बॅटरी धरली की शंका मिटते. बॅटरीने २६.६ नॅनोकुलोम जादा प्रभार १०० व्होल्टवर पाठवला, म्हणजे २.६६ मायक्रोज्यूल खर्च केले. त्यातले १.३३ कपॅसिटरमध्ये साठले आणि उरलेले १.३३ पत्रा ओढण्याच्या कामात गेले. निम्मं-निम्मं. के कितीही असला तरी व्होल्टेज स्थिर असताना ही वाटणी अशीच होते.

बलाचाही अंदाज देतो. पत्रा आत जाताना प्रत्येक मीटरला कपॅसिटन्स किती वाढतो ते काढा, व्होल्टेजच्या वर्गाने गुणा आणि निम्मं करा. आपल्या उदाहरणात १३ मायक्रोन्यूटन येतात, म्हणजे साधारण सव्वा ते दीड मिलिग्रॅम वजनाएवढं बल. ते हाताला जाणवणारच नाही, म्हणून प्रयोगात कोणाला दिसत नाही. एखाद्या क्षणी व्होल्टेज किती आहे एवढंच या बलाला कळतं, बॅटरी जोडलीय की नाही हे कळत नाही. म्हणून दोन्ही स्थितींत सुरुवातीचं बल सारखंच असतं. बॅटरी जोडलेली असेल तर ते शेवटपर्यंत तेवढंच राहतं. काढलेली असेल तर व्होल्टेज उतरत जातं आणि पत्रा पूर्ण आत जाताना बल सुरुवातीच्या सोळाव्या हिश्श्यावर येतं.

‘बॅटरी काढली’ या शब्दांवरही थोडं थांबतो, कारण तुम्ही पुढे हा प्रयोग नक्की करून बघणार. १०० व्होल्टला चार्ज करून, बॅटरी काढून साध्या डिजिटल मल्टिमीटरने व्होल्टेज बघायला गेलात तर शून्य दिसेल. मल्टिमीटरचा आतला रोध सहसा १० मेगाओहम असतो. ८८.५ पिकोफॅरडशी त्याचा गुणाकार केला तर कालस्थिरांक, म्हणजे प्रभार ओसरायला लागणारा ढोबळ वेळ, एक मिलिसेकंदाहूनही कमी निघतो. म्हणजे तुम्ही प्रोब टेकवला आणि डोळ्यांनी आकडा वाचायच्या आत प्रभार मीटरमधून निघून गेला. इथे प्रभार जवळजवळ न गळू देणारा इलेक्ट्रोमीटर किंवा निदान विद्युतदर्शी हवा, आणि काच कोरडी हवी. हवेतल्या ओलाव्याने काचेच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि प्रभार तिथूनही ओघळतो.

यातून निघणारी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ‘प्रभार स्थिर’ आणि ‘व्होल्टेज स्थिर’ या दोन टोकाच्या स्थिती आहेत, आणि आपण कोणत्या टोकाला आहोत हे वेळेवर ठरतं. मंडलाचा (सर्किटचा) कालस्थिरांक ज्या वेळात बदल घडतोय त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठा असेल तर बॅटरी जोडलेली असूनही प्रभार स्थिरच समजायचा. कंडेन्सर मायक्रोफोन यावरच चालतो. त्यात पडदा आणि मागची पट्टी यांचा काही दशक पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि त्याला गिगाओहमच्या घरातल्या रोधामधून व्होल्टेज दिलेलं असतं. ५० पिकोफॅरड आणि १ गिगाओहम धरले तर कालस्थिरांक ५० मिलिसेकंद होतो. आवाजाची कंपनं याहून पुष्कळ जलद असतात, त्यामुळे पडदा हलताना प्रभार जागच्या जागी राहतो आणि व्होल्टेज हलतं. तारेने जोडलेलं आहे, तरीही गणित ‘बॅटरी काढलेली’चं.

इतिहासातही हीच अट दिसते. १८३७ मध्ये फॅरडेने दोन अगदी एकसारखे गोलाकार कपॅसिटर घेतले, प्रत्येकात एका गोलाच्या आत दुसरा गोल. एकात हवा ठेवली आणि दुसऱ्यात लाख, गंधक असे पदार्थ भरून बघितले. एकाला चार्ज करून तो दुसऱ्याला जोडला आणि व्होल्टेज किती उतरतं ते पाहिलं. दोन्ही सारखे असते तर ते निम्म्यावर यायला हवं होतं, तसं आलं नाही. त्याने व्होल्टेज बांधून ठेवलं नव्हतं, एकूण प्रभार बांधून ठेवला होता आणि त्याची वाटणी मोजली. कॅव्हेंडिश त्याच्या काही दशकं आधी याच निष्कर्षावर पोचला होता, पण त्याने ते छापलंच नाही. मॅक्सवेलने त्याची टिपणं १८७९ मध्ये प्रकाशित केली तेव्हा ते जगाला कळलं.

आता तुमच्या काचेकडे येतो. तुमचे आकडे वाचून मला बरं वाटलं, कारण त्यात काहीही चुकलेलं नाही. १२३ पिकोफॅरड हेच यायला हवेत.

पट्ट्यांमध्ये २.५ मिमी फट, काच २ मिमी, म्हणजे अर्धा मिमी हवा उरली. काच आणि हवा हे दोन कपॅसिटर एकापुढे एक, मालिकेत जोडलेले आहेत. अशा वेळी मी प्रत्येक थराची जाडी त्याच्या के ने भागून ‘हवेइतकी जाडी’ काढतो. २ मिमी काच भागिले ७ म्हणजे ०.२९ मिमी, आणि हवा अर्धा मिमी, ती तशीच. एकूण ०.७९ मिमी. म्हणजे विद्युतदृष्ट्या तुमच्या पट्ट्या ०.७९ मिमी अंतरावर हवेत ठेवल्यासारख्या आहेत. त्याचे होतात ११३ पिकोफॅरड. निव्वळ हवेच्या २.५ मिमीला ३५.४ येतात. गुणोत्तर ७ ऐवजी ३.२ च्या आत आलं. फटीत एक पंचमांशच हवा होती, तरी निम्म्याहून जास्त वाढ तिने खाल्ली.

तुम्हाला तर ३.२ सुद्धा मिळाले नाहीत, २.७ मिळाले. ते का? मोकळ्या पट्ट्यांना गणिताने ३५.४ यायला हवेत आणि तुम्हाला ४५ आले. हे जादाचे १० च्या आसपास पिकोफॅरड मीटरच्या तारांमधले आणि पट्ट्यांच्या कडांबाहेरच्या क्षेत्राचे आहेत. त्या जागेत काच नाही, त्यामुळे काच घातल्यावर ते ढोबळमानाने तेवढेच राहतात. ११३ अधिक १० म्हणजे १२३. तुमच्या मीटरने अगदी खरं सांगितलं. भागाकार करताना मात्र हे १० वर आणि खाली दोन्हीकडे आले आणि गुणोत्तर खाली ओढलं गेलं.

मग दोन्ही वाचनांतून १० वजा करून, उलट गणित करून काचेचा के काढता येईल का? येईल, आणि ७.०५ असं सुरेख उत्तरही येईल. पण त्या उत्तरावर मी भरवसा ठेवणार नाही. फट तुम्ही अर्धा मिमी म्हणता. ती खरंच ०.४ मिमी असेल तर हेच ११३ पिकोफॅरड धरून के ५.२ निघतो. ०.६ मिमी असेल तर जवळजवळ ११. मिमीच्या दहाव्या भागाची चूक आणि उत्तर दुपटीने हललं! पट्टी किंचित वाकलेली असली तरी एवढा फरक पडतो. ही मांडणी डायइलेक्ट्रिकचा परिणाम दाखवायला चांगली आहे, के मोजायला वाईट.

हीच हवेची फट प्रयोगशाळेबाहेर कपॅसिटन्सपेक्षा मोठं नुकसान करते, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. काच आणि हवा मालिकेत असताना व्होल्टेज त्यांच्या ‘हवेइतक्या जाडी’च्या प्रमाणात वाटलं जातं. तुमच्या मांडणीत हवेची जाडी फटीच्या एक पंचमांश, पण तिच्या वाट्याला व्होल्टेज जवळजवळ ६४ टक्के येतं. समजा ५,००० व्होल्ट लावले. काच नसताना हवेतलं क्षेत्र मिमीला २,००० व्होल्ट होतं. साधारण हवा मिमीला ३,००० व्होल्टच्या आसपास फुटते, म्हणजे ठीक चाललं होतं. काच घातली आणि उरलेल्या अर्ध्या मिमी हवेत क्षेत्र झालं मिमीला ६,३६० व्होल्ट. इतक्या पातळ फटीत हवा थोडी जास्त सहन करते हे धरलं तरी ती फुटणार. जास्त सक्षम रोधक घातला आणि त्यामुळेच ठिणगी पडायला लागली!

ठोस रोधकाच्या आत राहिलेला हवेचा बुडबुडा असाच वागतो. क्षेत्राला आडवा, चपटा बुडबुडा असेल तर त्याच्या आतलं क्षेत्र भोवतालच्या पदार्थापेक्षा के पट असतं. के जितका मोठा तितकी बुडबुड्यावर कुऱ्हाड जास्त. आत बारीक स्फुरणं सुरू होतात, आंशिक विसर्ग म्हणतात त्याला. बाहेरून काही दिसत नाही, कपॅसिटर चालू राहतो, आणि आतली भिंत हळूहळू कोरली जाते. म्हणून उच्च व्होल्टेजचे कपॅसिटर निर्वातात वाळवून तेलाने भिजवतात, आणि सिरॅमिकवर किंवा फिल्मवर धातूचा थर थेट चढवतात, म्हणजे धातू आणि पदार्थ यांच्यामध्ये हवेला जागाच राहत नाही. के १,००० च्या सिरॅमिकवर धातूची पट्टी नुसती दाबून ठेवली तर काय होईल, तेही करून बघा: १ मिमी फटीत ०.९ मिमी सिरॅमिक आणि ०.१ मिमी हवा. आपल्या पट्ट्यांना अपेक्षा ८८,५०० पिकोफॅरडची, हातात येतात फक्त ८८०. हजार पटीची अपेक्षा दहा पटीवर आली. एवढ्या मोठ्या के समोर हवेशिवाय काहीच शिल्लक राहत नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आधी बघा की प्रभार बांधलाय की व्होल्टेज, आणि मग क्षेत्र कुठल्या कुठल्या थरांतून जातंय ते कागदावर काढा. या दोन पायऱ्यांनंतर तुमचे पहिले दोन प्रश्न गणिताचे उरतात.

पाण्याचा प्रश्न वेळेचा आहे. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा के ८० आहे हे खरं. पण पाणी वीज थोडी वाहूही देतं. कपॅसिटरमध्ये पाणी भरलं की तो कपॅसिटर आणि त्याला समांतर जोडलेला रोध, अशी जोडी तयार होते. गंमत अशी की या जोडीचा कालस्थिरांक पट्ट्यांच्या आकारावर किंवा अंतरावर अवलंबून नसतो. पट्ट्या मोठ्या केल्या तर कपॅसिटन्स वाढतो आणि रोध त्याच प्रमाणात घटतो. उरतो तो फक्त पदार्थाचा स्वतःचा गुण: रोधकता गुणिले पारगम्यता. आयन काढून टाकलेलं, मिळू शकणारं सगळ्यात शुद्ध पाणी घेतलं तर २५ अंशांना त्याची रोधकता १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर असते. त्याचा कालस्थिरांक येतो एक मिलिसेकंदाच्या आठव्या भागाच्या आसपास. नळाच्या पाण्याचा येतो काही नॅनोसेकंदांच्या किंवा दहा-वीस नॅनोसेकंदांच्या घरात, विरघळलेल्या क्षारांनुसार. म्हणजे प्रभार साठवून ठेवायला पाणी निरुपयोगी आहे.

तरी ‘पाण्याचे कपॅसिटर नसतात’ हे पूर्ण खरं नाही. प्रचंड शक्तीचे, मायक्रोसेकंदाच्या आत संपणारे स्पंद तयार करणाऱ्या यंत्रांत शुद्ध पाणी डायइलेक्ट्रिक म्हणून वापरतात. अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेतलं झेड यंत्र त्यातलंच. पाण्यातून प्रभार गळायला शंभरावर मायक्रोसेकंद लागणार असतील आणि काम त्याच्या आधीच आटोपणार असेल, तर ते गळणं कोणाला अडत नाही.

वेळेचा दुसरा पैलूही पाण्यातच छान दिसतो. के ८० येतो तो मुख्यतः रेणू वळण्यामुळे, आणि रेणूला वळायला वेळ लागतो. वारंवारता दहा-वीस गिगाहर्ट्झच्या पुढे गेली की रेणू मागे पडू लागतात आणि के घसरतो. प्रकाशाच्या वारंवारतेला फक्त इलेक्ट्रॉन साथ देऊ शकतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्याचा वर्ग १.७७, आणि तिथे पाण्याचा के तेवढाच असतो. एकच द्रव, एकीकडे ८० आणि दुसरीकडे पावणेदोन. म्हणून कोणी मला नुसता के सांगितला की मी वारंवारता आणि तापमान विचारतो. काचेत हा फरक पाण्याइतका टोकाचा नसतो, पण असतो.

‘मग सगळ्यात मोठा के असलेला पदार्थच का वापरत नाहीत’ हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असणार. त्याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे इथे फार खोलात जात नाही. पण दिशा सांगतो. ठरावीक आकारमानात किती ऊर्जा मावेल हे के आणि पदार्थ सहन करू शकणाऱ्या क्षेत्राचा वर्ग, यांच्या गुणाकारावर ठरतं. वर्ग क्षेत्राचा आहे, के चा नाही. पॉलिप्रॉपिलीनचा के जेमतेम २.२, पण पातळ फिल्मच्या रूपात ते मिमीला लाखो व्होल्टचं क्षेत्र सहन करतं आणि तापतं फार कमी. म्हणून शक्तिमंडलांत आणि मोटरच्या कपॅसिटरमध्ये तेच दिसतं. बेरियम टायटनेटच्या सिरॅमिकचा के हजारांत असतो, त्यामुळे इवल्याशा तुकड्यात मायक्रोफॅरड बसतात, पण तो के स्थिर नसतो. डीसी व्होल्टेज लावलं की घटतो, तापमानाने बदलतो, आणि काळानुसारही हळूहळू उतरतो. एक्स-७-आर वर्गाचा सिरॅमिक कपॅसिटर उणे ५५ ते १२५ अंशांत १५ टक्क्यांच्या आत राहतो असं त्याचं मानक सांगतं. पण ती हमी तापमानाची आहे, डीसी व्होल्टेजची नाही. लहान आकाराच्या तुकड्यावर त्याच्या कमाल मर्यादेजवळचं व्होल्टेज दिलं तर कपॅसिटन्स निम्म्याच्या खाली गेलेला मी अनेकदा मोजलाय. मंडलात अचूक मूल्य हवं असेल तर सी-शून्य-जी वर्गाचा (फार स्थिर राहणारा) सिरॅमिक किंवा फिल्म घ्या. वीजपुरवठ्याची लहर गाळायची असेल तर एक्स-७-आर चालतो, फक्त उत्पादकाचा डीसी व्होल्टेजचा आलेख बघून.

आता काचेचा के नीट मोजायचा असेल तर काय करायचं ते सांगतो. पट्ट्या बाजूला ठेवा. काच स्पिरिटने पुसून कोरडी करा. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पातळ फॉइल लावा, आणि फॉइल बसवताना पेट्रोलियम जेलीचा अगदी नकळत दिसेल इतका पातळ हात फिरवा, म्हणजे फॉइल आणि काच यांच्यामध्ये हवा राहणार नाही. मधून कडेकडे दाबत जा, सुरकुती राहू देऊ नका. विद्युतरोधक साहित्याच्या चाचणीचं एएसटीएम डी-१५० हे मानकही अशा प्रकारचे फॉइलचे इलेक्ट्रोड मान्य करतं. फॉइल दोन्हीकडे काचेच्या कडेपासून किमान एक सेंटिमीटर आत ठेवा, म्हणजे कडेवरून गळती होणार नाही. काचेची जाडी स्क्रूगेजने चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या, आता सगळी अचूकता त्या जाडीवर आहे.

मीटर १ किलोहर्ट्झवर ठेवा. तारा ज्या स्थितीत मोजताना राहतील त्याच स्थितीत, काचेपासून एक तार सोडवून मोकळं वाचन घ्या आणि ते वजा करा. १०० चौरस सेंटिमीटर फॉइल आणि २ मिमी काच असेल तर ३०० पिकोफॅरडच्या आसपास वाचन यायला हवं. कडांमुळे काही टक्के जास्त येईल, तेवढं मनात धरा. तेच वाचन १०० हर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झवरही घ्या. कमी वारंवारतेला आकडा बराच जास्त आला तर काचेच्या पृष्ठभागावर ओलावा आहे असं समजा, हेअर ड्रायरने कोमट करून थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजा. तीन वारंवारतांचे आकडे, काचेची जाडी आणि खोलीचं तापमान इथे लिहिलंत तर पुढचा हिशेब आपण मिळून करू.